जेवढे टाकाऊ लाकूड, तेवढेच वीजकेंद्र

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

टाकाऊ लाकडापासून वीज तयार करण्याच्या योजनांची चर्चा सध्या जगभर सुरू आहे आणि त्या चर्चेत दोन टोकांची मते हिरिरीने मांडली जातात. एका मताप्रमाणे लाकूड पुन्हा उगवते, म्हणून त्यापासून मिळणारी वीज आपोआपच शाश्वत ठरते. दुसऱ्या मताप्रमाणे लाकूड जाळणे म्हणजे जंगल जाळणे, म्हणून असा प्रत्येक प्रकल्प मुळातच नाकारावा. बॉयलर आणि इंधन यांच्या कामात आयुष्य गेलेला माणूस म्हणून मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. परिसरात खरोखर टाकून दिलेले लाकूड किती आहे हे आधी मोजून वीजकेंद्राचा आकार त्यावर बेतला, की आकार आधी ठरवून मग केंद्राचे पोट भरण्यासाठी लाकूड शोधायला निघाले, यावरच अशा विजेची शाश्वतता ठरते. हा एकच मुद्दा आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

टाकाऊ लाकूड थोडेथोडके निघत नाही. करवत गिरणीत आलेल्या ओंडक्यापैकी साधारण निम्मेच लाकूड चौकोनी माल होऊन बाहेर पडते. उरलेला निम्मा भाग साल, कडेची फळकुटे, भुसा आणि रंध्याखाली निघणारे छिलके यांत जातो. त्याशिवाय फर्निचरच्या कारखान्यांतील तुकडे, माल वाहून मोडलेल्या खोक्यांच्या फळ्या, पाडलेल्या इमारतींच्या चौकटी आणि तुळया, वादळात उन्मळलेली झाडे, रस्त्याकडेच्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, उत्पन्न देईनाशी झालेली फळझाडे हे सगळे सतत साचत असते. यातील बरेचसे उघड्यावर पेटवून दिले जाते. उघड्यावरची आग मंद, ओली आणि धुरकट असते. तिच्यातून काजळी, अतिसूक्ष्म कण आणि मिथेनही बाहेर पडतो, आणि त्या उष्णतेचा कोणालाही उपयोग होत नाही. तेच लाकूड पुरेशी हवा देऊन, उच्च तापमानाला आणि धूर गाळणाऱ्या यंत्रणेमागे जाळले, तर प्रदूषण कितीतरी घटते आणि वर वीज मिळते. शिवाय सूर्य मावळल्यावर किंवा वारा पडल्यावर लागेल तेव्हा ही वीज निर्माण करता येते, कारण लाकूड हा साठवून ठेवता येणारा सूर्यप्रकाशच आहे. या प्रकल्पांच्या बाजूचे हे मुद्दे खरे आहेत आणि विरोधकांनीही ते मान्य करायला हवेत.

पण लाकडातून वीज किती मिळते, याचे साधे गणित लोकांपुढे क्वचितच ठेवले जाते. पूर्णपणे सुकलेल्या एक किलो लाकडातून सुमारे १८ ते १९ मेगाज्यूल उष्णता मिळते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात मात्र वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. म्हणजे भट्टीत टाकलेल्या एका किलोत अर्धा किलोच लाकूड असते आणि त्याच्या उष्णतेचाही काही भाग उरलेल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. हाती साधारण ८ मेगाज्यूल उरतात. तेच लाकूड वाळवून पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांवर आणले, तर एका किलोतून १४ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते. ओल्या लाकडाने भट्टीचे तापमानही उतरते, ज्वलन अपुरे राहते आणि धूर वाढतो. म्हणून लाकूड वाळवण्यासाठी छपराखालची मोकळी जागा आणि काही महिन्यांचा धीर या दोन गोष्टी कोणत्याही महागड्या यंत्राइतक्याच मोलाच्या आहेत. वाया जाणाऱ्या गरम वायूवर लाकूड सुकवण्याची सोय केली तर आणखी उत्तम. प्रकल्पांच्या आराखड्यांत या बाबीला सहसा सर्वांत कमी जागा मिळते, याचे मला वाईट वाटते.

आता उष्णतेपासून विजेकडे वळू. रूढ पद्धतीत लाकूड जाळून बॉयलरमध्ये वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवतात. लहान आणि मध्यम केंद्रांत लाकडातील उष्णतेचा साधारण चौथा हिस्सा विजेत उतरतो. एका युनिटला ३.६ मेगाज्यूल लागतात. म्हणजे वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे एक युनिट वीज, असा ढोबळ हिशेब लक्षात ठेवायला हरकत नाही. त्या हिशेबाने एक मेगावॉटचे छोटेसे केंद्र दिवसरात्र चालवायचे तर रोज २४ टन वाळलेले लाकूड लागते. उष्णतेचा उरलेला तीन चतुर्थांश भाग शीतक मनोऱ्यातून आणि धुराड्यातून हवेत जातो. केवळ वीज विकणारे लाकडावरचे केंद्र आपल्या इंधनाचा बहुतांश भाग असा उधळत असते.

म्हणूनच जिथे उष्णतेला गिऱ्हाईक आहे, तिथेच ही वीज खऱ्या अर्थाने परवडते, पैशानेही आणि निसर्गालाही. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ किंवा गरम पाणी लाकूड सुकवणाऱ्या भट्ट्यांना, कागद गिरणीला, दूध प्रक्रिया केंद्राला किंवा थंड प्रदेशात घरे उबदार ठेवणाऱ्या नळयोजनेला दिले, तर इंधनातील ८० ते ९० टक्के उष्णता कामी येऊ शकते. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे २०१६ मध्ये सुरू झालेले व्हार्टान येथील जैवइंधन केंद्र याचे मोठे उदाहरण आहे. तेथे सुमारे १३० मेगावॉट वीज आणि त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे २८० मेगावॉट उष्णता तयार होते आणि ती उष्णता शहराच्या नळयोजनेत जाते. करवत गिरणीच्या आवारातच उभे राहिलेले छोटे केंद्र तर मला सर्वांत योग्य वाटते. तिथे इंधन कुंपणाच्या आतच तयार होते, वाहतुकीला डिझेल लागत नाही आणि ओल्या फळ्या सुकवायला उष्णता बाराही महिने हवीच असते. काही शे किलोवॉट ते दोन-तीन मेगावॉटच्या अशा केंद्रांत वाफेऐवजी कमी तापमानाला उकळणाऱ्या सेंद्रिय द्रवावर टर्बाइन फिरवण्याची पद्धतही रुळली आहे. तिच्यातून वीज थोडी कमी मिळते, पण यंत्रणा साधी राहते आणि कमी माणसांत चालते.

दुसरी वाट लाकडाचा वायू करण्याची आहे आणि तिच्याविषयी नेहमी एकतर अतिउत्साहाने किंवा पूर्ण अविश्वासाने बोलले जाते. लाकडाला पूर्ण जळण्यासाठी लागणाऱ्या हवेच्या पाव ते एक तृतीयांश इतकीच हवा दिली, तर ते धगधगून जळत नाही. त्याचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि थोडा मिथेन असलेल्या ज्वलनशील वायूत होते. हवेतील नायट्रोजनही त्यात मिसळत असल्याने निम्म्याहून अधिक वायू जळणारा नसतो, तरीही तो थेट इंजिनात वापरता येतो. फ्रान्सच्या जॉर्ज इंबर्ट यांनी १९२० च्या दशकात यासाठी विकसित केलेली भट्टी दुसऱ्या महायुद्धात फार कामी आली. पेट्रोल मिळेनासे झाल्यावर युरोपात लाखो वाहने लाकडाच्या वायूवर धावली. युद्ध संपून पेट्रोल मिळू लागताच ती पद्धत जवळजवळ रातोरात मागे पडली, कारण चालकाला रोज भट्टी साफ करावी लागे आणि वायूसोबत येणारा डांबरासारखा चिकट अंश इंजिन जाम करून टाकी. तो चिकट अंश, म्हणजेच टार, हाच आजही या तंत्राचा खरा शत्रू आहे. भट्टीतील सर्वांत तप्त थरातून सगळा वायू जाईल अशी रचना केली तर टार बराच मोडतो, पण त्यासाठी लाकडाचे तुकडे एकसारख्या आकाराचे आणि चांगले वाळलेले असावे लागतात. भुसा, साल, ओल्या फांद्या आणि खिळे असलेल्या फळ्या एकत्र करून त्यात ओतल्या, की भट्टीत कुठे पोकळी तर कुठे अडथळा तयार होतो आणि आठवडाभरात यंत्र बंद पडते. अशी बंद पडलेली यंत्रे पाहून लोक तंत्राला नावे ठेवतात. दोष बहुतेक वेळा इंधनाच्या तयारीत असतो.

ऑस्ट्रियातील ग्युसिंग या छोट्या गावाचा अनुभव या संदर्भात सांगण्यासारखा आहे. तेथे एकविसाव्या शतकाच्या आरंभी तप्त वाळूच्या साहाय्याने आणि हवेऐवजी वाफ देऊन लाकडाचा वायू करणारे, सुमारे दोन मेगावॉट विजेचे केंद्र सुरू झाले. नायट्रोजन न मिसळल्यामुळे तेथील वायू कितीतरी सकस होता आणि केंद्राची उष्णता गावातील घरांना जात होती. हे केंद्र अनेक वर्षे चालले, जगभरातून लोक ते पाहायला गेले. पण विजेला मिळणाऱ्या वाढीव दराची मुदत संपल्यावर लाकडाच्या खर्चाचा मेळ बसेना आणि ते बंद झाले. तंत्र सिद्ध असूनही इंधनाचा भाव आणि विजेचा दर यांत अडकलेला प्रकल्प टिकत नाही. इंधन विकत घ्यावे लागू लागले, की ते टाकाऊ राहिलेले नसते, हेही यातून दिसते.

याच ठिकाणी आकाराचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन शहराचे मॅकनील केंद्र १९८४ पासून लाकडावर चालते. त्याची क्षमता ५० मेगावॉट आहे आणि ते पूर्ण क्षमतेने चालले, तर तासाला सुमारे ७० टन लाकडाच्या ओलसर कपच्या लागतात. शहरातील फांद्या आणि स्वच्छ टाकाऊ लाकूड तेथे स्वीकारले जाते, पण एवढ्या भुकेला ते पुरणे शक्य नसल्याने मुख्य भार जंगलतोडीतून मागे राहणाऱ्या मालावर आहे. इंग्लंडमधील यॉर्कशर येथील ड्रॅक्स केंद्राने याच्याही पुढे जाऊन कोळशाचे चार संच भरडून दाबलेल्या लाकडाच्या छोट्या गोळ्यांवर नेले. त्या गोळ्या मुख्यतः अमेरिकेतून आणि कॅनडातून, महासागर ओलांडून, वर्षाला लाखो टनांच्या प्रमाणात आणाव्या लागतात. करवत गिरण्यांचा भुसा त्यात आहे हे खरे. पण केवळ भुशावर असे केंद्र चालत नाही, त्यासाठी ओंडकेही भरडावे लागतात आणि सगळा वाद नेमका त्या ओंडक्यांवरून आहे. २०१८ मध्ये सुमारे ८०० वैज्ञानिकांनी युरोपीय संसदेला पत्र लिहून विजेसाठी मुद्दाम झाडे तोडण्याला मोकळीक देऊ नये, असे कळवले होते. त्यांनीही उरलेल्या आणि टाकाऊ मालाला विरोध केलेला नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो.

कार्बनच्या हिशेबात येथे एक गल्लत वारंवार होते. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, मार्गदर्शक आकड्यांनुसार एक गिगाज्यूल, म्हणजे हजार मेगाज्यूल, उष्णतेमागे लाकडातून ११२ किलो आणि दगडी कोळशातून सुमारे ९५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. धुराड्याच्या तोंडाशी मोजले, तर लाकूड कोळशाहून वरचढ ठरत नाही. राष्ट्रीय ताळेबंदात वीज विभागाच्या रकान्यात लाकडासाठी शून्य लिहिले जाते, ते उत्सर्जन होत नाही म्हणून नव्हे; तो कार्बन झाड तोडतानाच जमिनीच्या रकान्यात धरलेला असतो आणि दोनदा मोजला जाऊ नये, एवढाच त्यामागे उद्देश आहे. हा शून्य आकडा जाहिरातीत वापरणे लोकांची दिशाभूल करणारे आहे. खरा प्रश्न असा विचारावा लागतो, की हे लाकूड जाळले नसते तर त्याचे काय झाले असते? उघड्यावर पेटवले जाणार होते, तर वीज केल्याने नुकसान काहीच नाही, उलट लाभ आहे. बारीक फांद्या आणि भुसा काही वर्षांत कुजून त्यातील कार्बन हवेत जाणारच होता. तिथे लाभ लवकर दिसतो. जाड खोड कुजायला अनेक दशके लागतात, तेव्हा तिथे तो उशिरा दिसतो. आणि उभे झाड तर कार्बन शोषतच राहिले असते. ते तोडून जाळले, तर त्या जागी तितकेच मोठे झाड वाढेपर्यंत हवेवर कर्ज चढलेले राहते. जमिनीत पुरलेल्या लाकडाचा हिशेब अधिक किचकट आहे, कारण ते फार हळू कुजते आणि त्यातील बराच कार्बन तिथेच राहतो, मात्र जेवढे कुजते त्यातून मिथेनही निघतो आणि शंभर वर्षांच्या मापाने मिथेनची उष्णता धरण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीसपट किंवा अधिक आहे.

जंगलातील काडीकचरा हासुद्धा सगळा आपला नव्हे. पाने आणि कोवळ्या डहाळ्यांत झाडाची बरीचशी पोषकद्रव्ये असतात, आणि कुजणाऱ्या लाकडावर कीटक, बुरशी आणि पक्षी जगतात. फिनलंडमधील मार्गदर्शक तत्त्वांत तोडीनंतरचा सुमारे ३० टक्के काडीकचरा जागेवरच सोडावा, असे सांगितले आहे. जंगल साफ करण्याच्या नावाखाली जमीन झाडून नेणाऱ्या योजनांना असे बंधन हवेच.

सर्वांत काळजीची बाब मात्र इमारतींतून आणि फर्निचरमधून येणाऱ्या लाकडाची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वाळवी लागू नये म्हणून लाकडात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे मिश्रण दाबाने भरण्याची पद्धत कित्येक दशके सर्रास होती. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असे लाकूड बनवणे २००३ च्या अखेरीस थांबवण्यात आले, पण तोपर्यंत बसवलेले खांब, कठडे आणि पायऱ्या यापुढेही वर्षानुवर्षे कचऱ्यात येत राहणार आहेत. असे लाकूड जाळले, की आर्सेनिकचा काही भाग धुरात आणि उरलेला राखेत जातो. जुन्या रंगात शिसे असते, रेल्वेच्या स्लीपरमध्ये क्रिओसोट हे डांबरापासून काढलेले संरक्षक तेल मुरलेले असते, प्लास्टिकचा मुलामा असलेल्या फळ्यांतील क्लोरीनपासून डायॉक्सिनसारखी विषे बनू शकतात. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांतील डिंकात नायट्रोजन असल्याने त्यांच्यापासून नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक निघतात. हे सगळे लाकूड वरवर पाहता सारखेच दिसते. जर्मनीने यासाठी स्वतंत्र नियमावली केली, ती मार्च २००३ पासून लागू आहे. तिच्यात जुन्या लाकडाचे चार वर्ग केले आहेत: केवळ कापलेले-घासलेले नैसर्गिक लाकूड पहिल्या वर्गात, डिंक किंवा रंग लावलेले, पण क्लोरीनयुक्त मुलामा नसलेले दुसऱ्यात, तसा मुलामा असलेले तिसऱ्यात, आणि स्लीपर, विजेचे खांब यांसारखे विषारी रसायनांनी मुरवलेले चौथ्यात. चौथ्या वर्गाचे लाकूड विशेष परवानगीच्या, कडक धूरशुद्धी असलेल्या भट्टीतच जाते. मला ही पद्धत अनुकरणीय वाटते, कारण तिच्यामुळे छोट्या केंद्राला कोणते लाकूड घ्यायचे नाही हे स्पष्ट कळते. वर्गीकरण जिथे इमारत पाडली जाते तिथेच व्हायला हवे. एकदा सगळे भरडून एकत्र झाले, की मोहरीएवढा विषारी तुकडा वेगळा काढणे कोणालाही जमत नाही.

राखेविषयी थोडक्यात लिहितो. स्वच्छ लाकडाची राख वजनाच्या एक टक्क्याहून कमी असते आणि तिच्यातील कॅल्शियम आणि पोटॅशियम आम्लधर्मी जमिनीला उपयोगी पडते. रंगवलेल्या किंवा रसायनयुक्त लाकडाची राख शेतात टाकणे म्हणजे जड धातू मातीत पेरणे होय. तिची तपासणी झाल्याशिवाय ती केंद्राबाहेर जाता कामा नये. साठवणुकीचेही तसेच आहे. ओल्या कपच्यांचे उंच ढीग आतून तापतात आणि पेट घेतात, तर बंद कोठारातील गोळ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली आहेत. अशा कोठारात हवा तपासल्याशिवाय कामगाराला उतरवणे हा गुन्हाच मानला पाहिजे.

लाकडाचा वापर कोणत्या क्रमाने व्हावा, हे युरोपीय संघाने २०२३ मध्ये सुधारलेल्या अक्षय ऊर्जा निर्देशात सांगितले आहे: आधी वस्तू बनवणे, मग तिचे आयुष्य वाढवणे, पुनर्वापर, पुनर्प्रक्रिया, त्यानंतर ऊर्जा आणि शेवटी विल्हेवाट. हा क्रम योग्य आहे. स्वच्छ भुसा आणि छिलके दाबलेल्या फळ्यांच्या कारखान्यांना, जनावरांखाली अंथरायला आणि कित्येक घरांना जळणासाठी लागतात. वीजकेंद्राने अनुदानाच्या जोरावर तोच माल चढ्या भावाने उचलला, तर कारखाने नवी झाडे मागतील आणि घरांना जळण मिळणार नाही.

म्हणून परवानगी देणाऱ्या यंत्रणांना माझी विनंती आहे, की प्रत्येक प्रकल्पाआधी आसपासच्या टाकाऊ लाकडाची मोजणी करून घ्यावी, त्यातून सध्याच्या वापरकर्त्यांची गरज वजा करावी आणि उरेल त्याच्या बऱ्याच आतच केंद्राची क्षमता ठरवावी, कारण वादळी वर्षाचा कचरा दरवर्षी येत नसतो. उष्णतेचे गिऱ्हाईक दाखवल्याशिवाय अनुदान देऊ नये. कोणते लाकूड कोठून आले, धुरातील कण किती, राखेत धातू किती, याची नोंद दर महिन्याला जाहीर व्हावी. आणि वीजखरेदीच्या करारात आणखी एक कलम असावे, ज्याकडे आजवर फारसे लक्ष गेलेले नाही: टाकाऊ लाकूड कमी पडले तर केंद्राला कमी वीज देण्याची मुभा असावी आणि त्यासाठी दंड नसावा. ठरलेली युनिटे दिलीच पाहिजेत अशी सक्ती केली, की कचरा संपल्यावर चालकापुढे ओंडके विकत घेण्यावाचून मार्ग राहत नाही, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

आपला नम्र,
एक वाचक